म्हणे साहित्य कशाला, बोलता आलं की झालं!

आज पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "इंग्रजीच्या तासाला नाटकं, कविता कशाला? बोलता आलं की झालं. निबंध काय, आता मोबाईलही लिहून देतो." आणि निम्म्या सभेने माना डोलावल्या! घरी आले तरी डोकं तापलेलंच आहे.

आम्हाला नववीत इंग्रजीच्या बाईंनी शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर' नाटकातलं अँटनीचं भाषण शिकवलं. ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी कट करून रोमच्या सीझरचा खून केलाय, आणि सीझरचा मित्र अँटनी त्याच्या प्रेतापाशी बोलतोय. ब्रूटस बोलतो तेव्हा लोक त्याच्या बाजूने. अँटनीचं ऐकून तेच लोक घरं जाळायला निघतात. सीझरच्या झग्यावरची भोकं दाखवत अँटनी सांगतो, हा वार कॅशिअसचा, हा कास्काचा, हा ब्रूटसचा. बाईंनी विचारलं, "याला कसं माहीत?" वर्ग गप्प. मागचा प्रवेश काढून पाहिला, तर खुनाआधीच कटातला ट्रेबोनिअस अँटनीला बाजूला घेऊन गेलेला! म्हणजे हा तिथे नव्हताच.

हे 'हाऊ आर यू' घोकून येतं का हो?

बोलता यायला हवं, मान्य. मुलाखतीत अँटनी कोणी विचारत नाही, तेही मान्य. पण 1599च्या सुमाराचं ते नाटक आज कशाला, असं विचारणाऱ्यांनी पुढचा प्रवेश वाचावा. तोच खवळलेला जमाव सिना नावाच्या कवीला ठार मारतो, का, तर कटातल्या एकाचं नाव तेच. मी कवी आहे, असं तो ओरडून सांगतो. ऐकतंय कोण! हे शाळेत वाचलेलं पोर भडकाऊ मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि लिहिणं? लोक का फिरले, ते बाईंनी लिहायला लावलं. गाईड बंद. 'भाषण प्रभावी होतं' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत लाल शाईत एकच प्रश्न, "कुठल्या ओळीला?" मग पुन्हा वाचणं आलं. तेव्हा दिसलं, की अँटनी सीझरच्या मृत्युपत्राचं नुसतं नाव काढतो आणि वाचायचं टाळतो, लोकांनीच हट्ट धरेपर्यंत. हे मोबाईलने लिहून दिलं असतं तर आम्हाला दिसलं असतं?

कवितेचा जीव घेणारे शिक्षक असतात, पाठांतराचा जाच असतो, खोटं कशाला बोलू. त्या गृहस्थांनीही कदाचित तेवढंच भोगलं असेल. त्यांच्यावरचा राग लिहिता लिहिता उतरला माझा.

पुढच्या सभेत मी बोलणार आहे. दोन धडे कमी घ्या, पण मुलांना स्वतःचं लिहू द्या, आणि ते कोणीतरी नीट वाचा.