"प्लॅटिनम वाढवा, फोटो काढणं बंद करा" या मेसेजला उत्तर

आमच्या परभणीच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, नांदेडच्या पाहुण्यांनी पण तोच पाठवला. त्यात म्हटलंय की हायड्रोजनच्या फ्युएल सेलमधे (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून गाडीसाठी वगैरे वीज तयार करणारा सेल) काम प्लॅटिनमच करतं, जास्त टाकलं की जास्त वीज, आणि शास्त्रज्ञ मात्र वर्षानुवर्षं त्याचे फोटो काढत अन् कम्प्युटरवर मॉडेल करत बसलेत, सगळा पैसा पाण्यात. खाली काळ्या ठिपक्यांचा एक फोटो. मी केमिस्ट्री शिकवतो, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

"जास्त टाकलं की जास्त वीज." नाही हो. 3 नॅनोमीटरचे गोल कण धरले तर 1 ग्रॅम प्लॅटिनमचं पृष्ठफळ 90 चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाचं घर. जागेची कमी नाही, प्रश्न आहे तिथपर्यंत पोचायचा. हे कण कार्बनच्या बारीक गोळ्यांवर बसवलेले असतात आणि त्यांचा मिळून एक छिद्रंछिद्रं असलेला थर होतो. त्यात प्रत्येक कणापाशी तीन गोष्टी यायला लागतात, ऑक्सिजन बारीक छिद्रांतून, प्रोटॉन आयनोमर नावाच्या पॉलिमरच्या पातळ थरातून आणि इलेक्ट्रॉन कार्बनमधून, यातली एक जरी वाट बंद असली तर तो कण नुसता बसून राहतो. वर तिथंच पाणी पण तयार होतं. आपल्या काळ्या रानात वाफसा नसला की मुळांना हवा मिळत नाही अन् कापूस पिवळा पडतो, मग तिथं खत कितीही टाका, काय उपयोग? या थरात छिद्रं पाण्यानं भरली की अगदी तसंच होतं. हा सगळा थर जेमतेम 10 मायक्रॉन जाड, केसापेक्षा कितीतरी पातळ.

"एका फोटोत सगळं दिसतं." मेसेजमधला तो फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा दिसतोय, पण तो म्हणजे सावली आहे, कार्बनच्या गोळ्याच्या वर बसलेला कण आणि आतल्या छिद्रात दडलेला कण दोन्ही सारखेच काळे. आत-बाहेर ओळखायला नमुना थोडा थोडा तिरका करत, दोन्हीकडं साधारण 70 अंशांपर्यंत, ढीगभर फोटो घ्यायचे आणि त्यातून थ्रीडी आकृती बांधायची, त्याला टोमोग्राफी म्हणतात, आणि पूर्ण गोल फिरवता येत नाही म्हणून काही भाग तरीही नीट येत नाही. आयनोमर तर अजून अवघड, काही नॅनोमीटरचा थर, त्यात इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं तो खराब होतो. त्याच्यासाठी सिझियमनं रंगवून एक्स-रेनं बघतात, पण त्या एक्स-रेला प्लॅटिनमचा एकेकटा कण दिसत नाही. सगळं दाखवणारं एकच मशीन नाही, म्हणून वेळ लागतो.

"मॉडेल म्हणजे कार्टून." यात थोडं तथ्य आहे हे मान्य करतो, जुनी बरीच मॉडेलं कार्बनचे गठ्ठे एकसारखे गोल धरून चालायची आणि प्रत्यक्षात ते तसे नसतात. पण हे कळलं कशानं, तर फोटोंनीच. आता फोटोवरून बांधलेल्या रचनेत ऑक्सिजन कसा सरकेल ते काढतात. छिद्रं इतकी लहान की रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतीवर जास्त आदळतात, हवेत ऑक्सिजनचा रेणू दोन धडकांमधे साधारण 70 नॅनोमीटर जातो आणि इथली कित्येक छिद्रं त्याहून बारीक, म्हणून नेहमीचं गणित चालत नाही. आलेलं उत्तर खऱ्या सेलच्या करंटशी जुळतं का ते तपासतात, नाही जुळलं तर परत मॉडेलवर.

आणि हाती काय लागलं म्हणाल तर हे बघा. कार्बनच्या छिद्रांत आत दडलेलं प्लॅटिनम वाया जात नाही, तिथं प्रोटॉन पाण्यातून पोचतात, आणि आयनोमर थेट चिकटला की कण मंदावतो तसं तिथं होत नाही, म्हणून ते उलट जास्त तेज असतं, फक्त गाडीला जोर लागला की त्याला ऑक्सिजन पुरत नाही. म्हणून 2018 मधे जनरल मोटर्सच्या संशोधकांनी 4 ते 7 नॅनोमीटर तोंडाची छिद्रं असलेला कार्बन वापरला, आयनोमर बाहेर, ऑक्सिजन आत. प्लॅटिनम न वाढवता सेल सुधारला, आणि कण आत आहेत की बाहेर हे टोमोग्राफीशिवाय समजलंच नसतं.