सगळेच बंगाली बांगलादेशी कसे?

परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने प्लास्टरचं काम करणाऱ्या पोरांचा फोटो टाकला. खाली ओळ : "हे सगळे बांगलादेशी. लक्ष ठेवा." कशावरून, असं विचारलं तर उत्तर आलं, "आपसात बंगालीत बोलतात ना!" त्यावर लगेच चार-पाच अंगठे.

२०११ च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे ९ कोटी ७२ लाख लोकांनी मातृभाषा बंगाली सांगितली आहे. मराठीपेक्षा जास्त. झवेरी बाजारात सोनं घडवणारे कितीतरी कारागीर बंगाली, बांधकामावर येणारे मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी बंगाली, आणि ज्यांनी लिहिलेलं राष्ट्रगीत आपण उभं राहून म्हणतो तेही बंगालीच.

बांगलादेशी हे नागरिकत्वाचं नाव आहे, भाषेचं नाही. आणि ते रुजलं कसं, ते तर आपल्या समजुतीच्या बरोबर उलट आहे. १९७१ साली बांगलादेश भाषेच्या अभिमानावर उभा राहिला, त्यामुळे १९७२ च्या घटनेत लिहिलं गेलं की इथले नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील. चितगाव डोंगराळ भागातून निवडून आलेले, चकमा या आदिवासी जमातीचे मानवेंद्र नारायण लारमा संविधान सभेत याविरुद्ध उभे राहिले. मी चकमा आहे, माझ्या बापजाद्यांनी कधी स्वतःला बंगाली म्हटलं नाही, मग मी बंगाली कसा, असा त्यांचा सवाल होता. बहुमतापुढे त्यांचं काही चाललं नाही, ते सभात्याग करून बाहेर पडले.

पुढे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांच्या काळात, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, घटनेत 'बंगाली'च्या जागी 'बांगलादेशी' आलं. झियांचा हेतू काही फक्त चकमांच्या प्रेमाचा नव्हता. कोलकात्याच्या बंगाल्यांपासून आपण वेगळे, हेही त्यांना ठसवायचं होतं आणि मुस्लिम ओळखीला जागा करून द्यायची होती. पण कागदावर तरी चकमा, मारमा, गारो, संथाळ या सगळ्या जमातींना आपली भाषा न सोडता मावता येईल असं नाव मिळालं. २०११ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली : राष्ट्र म्हणून लोक बंगाली, नागरिक म्हणून बांगलादेशी. हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

म्हणजे जे बंगाली बोलत नाहीत त्यांनाही सामावून घेणारा शब्द आपण इथे बंगाली बोलतो म्हणून माणसाला चिकटवतो. हे फक्त ग्रुपवरच्या रिकामटेकड्यांचं काम असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात चक्क 'बांगलादेशी भाषा' असा उल्लेख आला आणि कोलकात्यात गदारोळ झाला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीयच आहेत हे कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं. गवंडीकामाला आलेल्या माणसाच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील!

आता कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच, "मग घुसखोर नाहीतच का?" आहेत. खोटी कागदपत्रं करून राहणारे आहेत, ती करून देणारे आपलेच एजंटही आहेत. कायद्याने शोधा, शहानिशा करा, परत पाठवा. पण शहानिशा म्हणजे कागद तपासणं. लुंगी, दाढी आणि बोलण्याचा हेल तपासणं नव्हे.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या या लोकांना साठच्या दशकात सरकारनेच तिथे जमिनी देऊन वसवलं. त्यांनी देश सोडला तेव्हा बांगलादेश जन्मालाही आला नव्हता. आज त्यांची नातवंडं आपल्यासारखंच मराठी बोलतात, आणि तरी कुठे भांडण झालं की हाच शब्द त्यांच्या तोंडावर फेकला जातो. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराला आपण उठसूट पाकिस्तानी म्हणत नाही. मग मुलचेऱ्याच्या शेतकऱ्याला बांगलादेशी कुठल्या हिशेबाने म्हणतो?