बेस कॅम्पचा उतार

एव्हरेस्ट बेस कॅम्पहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "पोचलीस ना?" पोचले बाबा. 5364 मीटर. दगडगोट्यांचा पसारा, फोटोसाठी ही रांग, आणि तिथून एव्हरेस्टचं शिखर दिसतसुद्धा नाही. परत कशी आलीस, हे मात्र एकानेही विचारलं नाही. म्हणून ही पोस्ट.

हल्ली नवी टूम निघालीय. जाताना आठ दिवस चालायचं आणि येताना गोरक्षेपहून, म्हणजे बेस कॅम्पखालच्या शेवटच्या मुक्कामाहून, हेलिकॉप्टरने थेट लुक्ला, जिथून चालायला सुरुवात होते तिथे. पॅकेजमध्येच असतं. ज्याला उंचीचा त्रास झालाय त्याला उचलून खाली न्यायलाच हवं, त्यात वाद नाही. (विम्याच्या पैशांसाठी केलेल्या खोट्या रेस्क्यूंची नेपाळ सरकारला 2018 मध्ये चौकशी करावी लागली, तो विषय पुन्हा कधीतरी.) पण धडधाकट माणसं "आता बघायचं काय राहिलंय?" म्हणत उडून जातात, ते मला पटत नाही.

कारण जाताना मी पाहिलं काय, तर पुढच्याच्या बुटांच्या टाचा. लोबुचेला, म्हणजे 4940 मीटरवर, डोकं असं ठणकत होतं की लसणाच्या सूपशिवाय घशाखाली काही उतरेना. त्याआधी थुक्ला खिंडीत गिर्यारोहकांची स्मारकं लागतात. तिथे मी एका दगडावर बसून नुसत्या धापा टाकल्या. पाट्या वाचल्या त्या परतताना. एव्हरेस्टच्या माथ्यावर ऑक्सिजनशिवाय 21 तास काढणारा बाबू छिरी शेर्पा, तो 2001 मध्ये त्याच डोंगरावर मरण पावला. त्याच्या स्मारकापाशी उभी राहिले, श्वास जागेवर होता म्हणून उभं राहता आलं. पुढे फेरिचेला पोचेपर्यंत गोरक्षेपपासून जवळजवळ 800 मीटर खाली आलो होतो. डोकं उतरलं आणि भूक अशी खवळली की डाळभात तीनदा मागून घेतला. वाढणारी दिदी हसायलाच लागली.

आता गुडघ्यांचं. आम्ही पुण्याची माणसं तयारी कुठे करतो? सिंहगडावर. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून चढतो, वर पिठलं-भाकरी, ताक, आणि खाली यायला जीप! चार महिने मी हेच केलं. फुप्फुसं तयार झाली, मांड्या नाही. तेंगबोचेहून फुंकी थांगापर्यंतच्या सहाशे मीटरच्या उतारावर त्याची फेड झाली. त्यात बूट अर्धा नंबर लहान. दर पावलाला अंगठा पुढे आपटायचा. नामचेला मोजा काढला तर नख जांभळं. आमच्या गाईड दाईने (नेपाळीत दाई म्हणजे दादा) काही न बोलता बूट ओढून घेतला, टाच मागे ठोकून बसवली आणि घोट्याजवळची नाडी करकचून आवळली. काठ्या बोटभर लांब करून दिल्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर! "ओरालोमा हतार नगर," म्हणाला. उतारावर घाई नको.

त्याच वाटेवर पोर्टर भेटत होते. कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको म्हणजे वेताची टोपली, हातात इंग्रजी टी-सारखी आखूड काठी, तोक्मा. दम लागला की तो तोक्मा मागे डोकोखाली टेकवायचा आणि ओझं न उतरवता उभ्या-उभ्याच विसावायचं. त्यांना हेलिकॉप्टर कोण देणार?

आणि उतार म्हणजे नुसता उतार असंही नाही हं. शेवटच्या दिवशी नामचेहून फाकदिंगला उतरलो की लुक्ला पुन्हा अडीचशे मीटर वर. त्या चढावर मी सगळ्या पूर्वजांची नावं घेतली.

नख गेल्या महिन्यात गळलं. रविवारी सिंहगडावर होते. जीपवाला ओरडत होता, "चला खाली, दोनच सीट!" नको म्हटलं. "मॅडम, गुडघे दुखतील," म्हणाला. दुखतातच की.