शुक्रवारपर्यंतचे टॉवेल

सोलापुरातील एका टॉवेलच्या कारखान्यात परदेशी ग्राहकांना पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. टॉवेलाचे वजन, सुताचा नंबर, रंगाचा पक्केपणा यांविषयी कोणी मला झोपेतून उठवून विचारले तरी मी घडाघडा सांगेन. मात्र इंग्रजीतले इन, ऑन, ॲट आणि त्यांचे भाऊबंद समोर आले की माझी पाचावर धारण बसते. ही मंडळी वाक्यात दिसतात एवढीशी, पण अख्ख्या ऑर्डरीचा अर्थ फिरवण्याची धमक त्यांच्यात असते.

मालक मजकूर मराठीत सांगतात. “माल शुक्रवारपर्यंत पाठवतो म्हणून लिहा,” एवढे बोलून ते चहाकडे वळतात आणि मी ‘पर्यंत’पाशी अडतो. ‘बाय फ्रायडे’ लिहिले तर शुक्रवार सरण्याआधी केव्हातरी माल निघेल, असा अर्थ होतो. ‘अंटिल फ्रायडे’ लिहिले तर आज, उद्या, परवा असे शुक्रवार येईपर्यंत आम्ही टॉवेल पाठवतच राहणार, असे वचन दिल्यासारखे होते. हा फरक मालकांना समजावून सांगायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “पर्यंत म्हणजे पर्यंत. त्यात दोन-दोन कशाला काढता?” त्यांचेही बरोबरच आहे. ‘शुक्रवारपर्यंत ये’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांब’ ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच ‘पर्यंत’वर सुखाने नांदतात आणि ऐकणाऱ्याला क्रियापदावरून सगळे उमगते.

वेळेच्या बाबतीतही तीच गत आहे. सकाळी, सोमवारी, रात्री या तिघांना आपण सप्तमीचा एकच ‘ई’ लावून वाटेला लावतो. इंग्रजीत मात्र सकाळ ‘इन’मध्ये, सोमवार ‘ऑन’वर आणि रात्र ‘ॲट’पाशी. पुस्तकातला नियम असा की नेमक्या घटकेला ॲट, दिवसाला ऑन आणि महिना-वर्षासारख्या लांब मुदतीला इन लावावे. म्हणजे आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा ‘इन जानेवारी’, संक्रांत त्या महिन्यातल्या अमुक तारखेला म्हणून ‘ऑन’, आणि यात्रेतल्या मिरवणुकीचे नंदीध्वज निघणार तमुक वाजता म्हणून ‘ॲट’. इथवर कोणाची तक्रार नाही. पण मग एवढी लांबलचक रात्र ही घटका कशी ठरली? आणि एरवी ‘इन’मध्ये राहणारी सकाळ सोमवारची झाली की मुकाट्याने ‘ऑन मंडे मॉर्निंग’ का होते?

वाहनांचा नियम तर आणखी मजेशीर आहे. ज्यात उभे राहून चालता-फिरता येते त्या बसला, रेल्वेला ‘ऑन’ आणि ज्यात वाकून शिरून बसावे लागते त्या मोटारीला ‘इन’, असे सांगतात. हा नियम करणाऱ्याने यात्रेच्या दिवसांत सोलापूरच्या स्थानकावरून सुटणारी एसटी पाहिलेली नसावी. तीत चालणे-फिरणे राहो, अंगावर बसलेला डास मारायला हात वर काढता येत नाही. तरीही ती ‘ऑन’च, आणि ती चुकली म्हणून पायी निघालात तर ‘बाय बस’च्या चालीवर ‘बाय फूट’ म्हणायचे नाही. तिथे ‘ऑन फूट’ म्हणायचे.

आमचे लेखापाल तेलुगू बोलणारे आणि पॅकिंगचे मामा कानडी. चटणी कोणाच्या घरची चांगली यावर या दोघांचे आणि माझे कधीच पटत नाही. पण घरात, मनेयल्लि, इंट्लो असे तिघेही आधी घर सांगतो आणि मग त्याच्या मागे शेपूट लावतो. इंग्रजीला मात्र आत की वर की पाशी हे आधीच ठरवून मग घराकडे यावे लागते.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात, पुन्हापुन्हा एकत्रच येणाऱ्या अशा शब्दसमूहांना ‘लेक्सिकल बंडल’ म्हटले आहे. बोलण्यात क्रियापदाचे तुकडे जास्त, तर विद्वत्तापूर्ण लेखनात ‘ॲट द एंड ऑफ द’, ‘इन द केस ऑफ’ अशा शब्दांची गर्दी, असे त्यांना आढळले. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. आमची पत्रेही ‘विथ रेफरन्स टु’ने सुरू होतात आणि ‘ऑन बिहाफ ऑफ’ने संपतात. या दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी आहेत. जशा आल्या तशा उचलायच्या, फोडून आत काय आहे हे पाहायचे नाही. ‘ऑन’च का आणि ‘इन’ का नाही, असे विचारणाऱ्याचे त्या दिवशीचे पत्र जात नाही, एवढे मात्र खरे.

उलट जिथे काहीच लावायचे नसते तिथे आपला हात सैल सुटतो. चर्चा कशाविषयी तरीच होते, म्हणून मालक ‘डिस्कस अबाउट’ सांगतात. त्यातला ‘अबाउट’ मी खोडतो आणि ते तो पुन्हा घालायला लावतात. त्यांना तो आदराचा वाटतो.

परवा नवीच अडचण आली. ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो आणि अमेरिकी माणूस ‘ऑन द वीकेंड’. आमचा एक ग्राहक लंडनचा आणि दुसरा न्यूयॉर्कचा. दोघांनाही शनिवार-रविवारी दूरध्वनी करू असे कळवायचे होते, म्हणून मी दोन वेगवेगळी पत्रे तयार केली आणि मालकांपुढे ठेवताना त्यांतला फरक सविस्तर समजावून सांगितला. त्यांनी दोन्ही पत्रे शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारले, “पण शनिवार-रविवारी त्यांची हपिसं बंद असतात ना हो?”