बंद गाळ्याशेजारचा दुकानदार

बाजारपेठेतला एक गाळा बंद पडतो तेव्हा नक्की काय होतं, ते जवळ जाऊन बघावं. आधी पाटी उतरते. पाटीमागची भिंत वर्षानुवर्षं उन्हापासून झाकलेली असते, त्यामुळे तिचा मूळ रंग चौकोनी ठिगळासारखा उघडा पडतो. शटरच्या फटीतून आत सरकवलेली बिलं आणि जाहिरातींचे कागद साचत जातात. पायरीवर धूळ बसते, मग कोणीतरी तिथे दुचाकी लावायला लागतं. संध्याकाळ झाली की त्याहून वाईट गोष्ट घडते. त्या दुकानाचा जो उजेड पदपथावर पडायचा, तो आता पडत नाही. पंधरा-वीस पावलांचा तुकडा अंधारात जातो. एकटी निघालेली बाई तिथे पोचायच्या आधीच रस्ता ओलांडून पलीकडे जाते आणि शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं. त्या शेजाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही. माल चांगला, भाव वाजवी, बोलणं गोड. तरी त्याचा गल्ला हलका होतो.

पेठा ओस पडायला लागल्या की दुकानदाराला चारही बाजूंनी एकच उपदेश ऐकू येतो: काळाप्रमाणे बदला. मला हा उपदेश अर्धवट वाटतो, आणि खरं सांगायचं तर निर्दयीही. दुकानदाराने बदलायला हवंच. फोनवर ऑर्डर घ्यावी, कोणता माल उठतो आणि कोणता पडून राहतो याचा चोख हिशेब ठेवावा, लोक कामावरून सुटतात तेव्हा दुकान उघडं असावं. पण गाळ्याचं भाडं, समोरचा रस्ता, बसथांब्याची जागा, शेजारचं बंद शटर, पालिकेचं खोदकाम, यातलं काय तो गल्ल्यावर बसून हलवू शकतो? पेठ चालते ती सगळी मिळून, आणि बुडते तीही सगळी मिळून. मग मदत मात्र सुट्या सुट्या दुकानदाराला, तीही दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराची, हे मला पटत नाही.

सगळं खापर ऑनलाइन खरेदीवर फोडण्याचीही सवय लागली आहे. ब्रिटनचं उदाहरण घ्या, तिथे ही खरेदी जगात सर्वाधिक रुजलेल्या देशांइतकी आहे. महासाथीच्या आधी तिथल्या किरकोळ विक्रीचा साधारण पाचवा हिस्सा ऑनलाइन होता. जानेवारी २०२१ च्या टाळेबंदीत तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला आणि नंतर उतरून पाव हिश्श्याच्या आसपास स्थिरावला. म्हणजे पाऊण व्यवहार अजून दुकानांतच होतो. आणि तिथल्या वुलवर्थ्स या साखळीची ८०७ दुकानं जानेवारी २००९ पर्यंत एका झटक्यात बंद झाली, ती पाळी महासाथीच्या कितीतरी आधीची. गावोगावच्या मुख्य रस्त्यांवर एकाच वेळी एवढी मोठी भगदाडं पडली, आणि त्यातली कित्येक भरायला वर्षं गेली.

आता मदतीच्या नावाखाली जे होतं त्याकडे वळते. पहिलं सुचतं ते सुशोभीकरण. फरशी, दिव्याचे खांब, बाक, कमान. किंवा मग रस्ता वाहनांना बंद. यातलं काहीही मुळात वाईट नाही, पण तेवढ्याने पेठ जगत नाही, हे अमेरिकेतल्या कालामझू शहराने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा केला. अमेरिकेतल्या पुढच्या असंख्य मॉलचा तो मूळपुरुष. त्याच ग्रुएनच्या आराखड्यावरून १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कालामझूने भर पेठेतला रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला. उपनगरांतले मॉल माणसं ओढत राहिले, आणि १९९८ मध्ये त्या रस्त्याचा काही भाग पुन्हा गाड्यांना खुला करावा लागला. अमेरिकेतल्या इतर बऱ्याच शहरांचीही हीच गत झाली.

उलट कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रोएट हा रस्ता वाहनांना बंद केला तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता, पण तो टिकला आणि त्याला जोडून पुढचे रस्ते व चौक हळूहळू, दशकांमागून दशकं मोकळे होत गेले. फरक कशाने पडला? मला वाटतं, कोपनहेगनच्या मध्यात माणसं राहत होती, तिथवर सायकलने आणि बसने सहज येता येत होतं. फरशी दोन्हीकडे होती.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र एक साधा, अजिबात झगमगाट नसलेला प्रयोग. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने तीन लहान गावं निवडली: इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. प्रत्येक गावाच्या पेठेसाठी एक पूर्णवेळ माणूस नेमला. त्याचं काम एवढंच, की पेठेकडे पेठ म्हणून बघायचं. कोणता गाळा रिकामा होणार आहे, त्यात कोण येऊ शकेल, कोणाला कर्ज अडलंय, कोणाच्या दर्शनी भागाची जुनी कारागिरी पत्र्याखाली झाकली गेली आहे, कोणत्या दोन दुकानदारांचं दहा वर्षं बोलणं बंद आहे. मॉलमध्ये हे काम करायला व्यवस्थापक असतो, पगार घेतो. पेठेत ते कोणाचंच नसतं. व्यापारी संघाचे पदाधिकारी करतात, पण दुकान बंद केल्यावर, रात्री नऊनंतर, दमलेल्या अंगाने. या प्रयोगातूनच १९८० मध्ये मेन स्ट्रीट नावाची राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली आणि ती आजही चालू आहे.

त्या माणसाचा पगार कोण देणार, हा पुढचा प्रश्न. टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात साठच्या दशकात रस्त्याखालून भुयारी रेल्वे आली. माणसं जमिनीखालून जाऊ लागली, वर दुकानं रिकामी. दुकानदार वर्गणी काढायचे, पण काही जण द्यायचे, काही नुसतेच फायदा घ्यायचे. (वर्गणी मागत फिरलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको.) शेवटी त्यांनीच कायदा मागून घेतला: बहुसंख्यांची संमती असेल तर पालिकेने त्या हद्दीतल्या सगळ्यांकडून जादा पट्टी वसूल करावी आणि ती रक्कम त्याच रस्त्यासाठी दुकानदारांच्या मंडळाकडे द्यावी. १९७० मध्ये अशा प्रकारचा जगातला पहिला विभाग तिथे झाला. यात धोकाही आहे. मंडळ मोठ्या मालकांच्या हाती गेलं, की फेरीवाल्यांना आणि लहानसहान भाडेकरूंना हुसकायला तेच वापरलं जातं. म्हणून भाडेकरू दुकानदाराला मंडळात मत हवंच.

आणि रिकामा गाळा? गाळा बंद ठेवणं मालकाला परवडतं, त्याचा भुर्दंड शेजारी भरतो. हे थांबवायला इंग्लंडने डिसेंबर २०२४ पासून पालिकांना एक अधिकार दिला आहे. मागच्या दोन वर्षांत एकूण ३६५ दिवसांहून जास्त रिकाम्या राहिलेल्या गाळ्याचा १ ते ५ वर्षांचा भाडेपट्टा पालिका लिलावात काढू शकते. मालकी मालकाचीच राहते. पॅरिसने २००४ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. पालिकेच्या कंपनीने तळमजल्यावरचे गाळे विकत घेऊन ते ठरवून पुस्तकांच्या दुकानांना, कारागिरांना, रोजच्या गरजेच्या दुकानांना भाड्याने दिले. मला हे आवडतं, कारण यात नुसतं भाडं किती मिळतं एवढंच बघितलं जात नाही, त्या रस्त्याला काय हवं आहे तेही बघितलं जातं.

खोदकामाबद्दलही बोलायलाच हवं. रस्ता सुधारण्यासाठी दुकानासमोर पत्रे ठोकले जातात, सहा महिने म्हणून दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मोडलेला दुकानदार सुधारलेला रस्ता बघायला तिथे नसतो. फ्रान्समधल्या अनेक शहरांनी ट्रामचे मार्ग टाकताना स्वतंत्र समित्या नेमून, आधीच्या वर्षांची उलाढाल तपासून दुकानांना नुकसानभरपाई दिली. ही भीक नव्हे, कामाच्या खर्चाचाच तो एक भाग आहे. तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून का धरला जाऊ नये?

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, मोठ्या दुकानांना बंदीच घाला. जपानने जवळपास तेच केलं. १९७४ पासून मोठ्या दुकानांवर कायद्याने लगाम होता, तो २००० मध्ये उठला. मधल्या पंचवीस वर्षांत पेठांना सवड मिळाली, पण पुष्कळ पेठा तशाच राहिल्या. मालक म्हातारे झाले, मुलं दुसरीकडे गेली, आणि शटर बंद असलेल्या रस्त्यांना जपानी भाषेत वेगळा शब्दच रूढ झाला.

त्याच जपानमध्ये ताकामात्सु शहरात मारुगामेमाची नावाची पेठ आहे, जेमतेम ४७० मीटर लांब. १९८८ मध्ये तिला ४०० वर्षं झाली, आणि त्या सोहळ्यातच पुढच्या शंभर वर्षांचं काय, हा प्रश्न तिथल्या लोकांनी स्वतःला विचारला. उत्तर शोधताना त्यांनी सगळ्यात अवघड गाठीला हात घातला, जमिनीच्या. जमीन ज्याची त्याचीच राहिली, पण वापरायचा हक्क साठेक वर्षांसाठी सगळ्यांच्या सामाईक कंपनीकडे गेला. कोणत्या जागी कोणतं दुकान यावं हे कंपनी ठरवते. मालकाचं उत्पन्न पेठेच्या धंद्यावर ठरतं, त्यामुळे शेजाऱ्याचा धंदा चालावा ही प्रत्येकाचीच गरज झाली. वरच्या मजल्यांवर घरं बांधली, जवळ दवाखाना आला, म्हाताऱ्या माणसांना गाडीशिवाय तिथे राहता यावं म्हणून. पहिला टप्पा उघडला तो २००६ मध्ये. मधली अठरा वर्षं बैठका, नकार, रुसवेफुगवे, कागद आणि पुन्हा बैठका यांत गेली.

म्हणून तुमच्या पेठेच्या कायापालटाची योजना पुढे आली, की चित्रातली झाडं आणि दिवे बघून झाल्यावर दोन गोष्टी जरूर विचारा. काम चालू असताना दुकानं कशी जगणार, त्याची तरतूद कोणत्या पानावर आहे? आणि उद्घाटनाला तीन वर्षं झाल्यावर, एखादा गाळा रिकामा झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन उभं राहायचं काम कोणाचं?