कुलूप कोणत्या बाजूला

गेल्या महिन्यात ठाण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. घोडबंदर रस्त्यावरच्या त्याच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मंजूर झाले होते. पहिला असा की भाजीवाले, पाववाले, वर्गणी मागणारे आणि मदतीसाठी येणारे यांना यापुढे फाटकाच्या आत सोडायचे नाही. दुसरा असा की तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई घरी शिकवणी घेतात, ती मुलांच्या जिन्यातल्या गोंगाटामुळे बंद करायची. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, असे एका वृद्ध गृहस्थांनी सभेत म्हणून पाहिले, तेव्हा ‘पोथ्या घरी ठेवा, इथे उपविधी चालतात’ असे कोणीतरी त्यांना सुनावले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. भावाने हे सगळे समाधानाने सांगितले आणि शेवटी मला विचारले, “ताई, तू दर मंगळवारी ते तालमूद घेऊन बसतेस, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना सोसायटीतले काय कळणार?”

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या दोन विषयांवर त्याच्या सभेने दहा मिनिटांत हात वर केले, नेमक्या त्याच दोन विषयांवर मी इथे इस्राएलमधल्या अश्दोदमध्ये एका मैत्रिणीबरोबर अख्खा हिवाळा घालवला होता.

तालमूद हा यहुदी धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, नियमांचा आणि वादांचा ग्रंथ. त्याचा बावा बात्रा हा भाग शेजाऱ्यांपासून सुरू होतो. त्याच्या पहिल्या दोन अध्यायांतली घरे एका समाईक अंगणाभोवती उभी आहेत. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ती लगेच डोळ्यांसमोर येतील. मधली भिंत किती उंच असावी, कोणाची खिडकी कोणाच्या खिडकीसमोर येऊ नये, कोणाचे झाड कोणाच्या विहिरीपासून किती लांब असावे, याचा तिथे बारीक खल चालतो. दुसऱ्याच्या घरात सतत दिसत राहणे हीसुद्धा त्याची हानी आहे आणि ती टाळण्यासाठी भिंत बांधायला लावता येते का, हा प्रश्न तर अगदी पहिल्या पानावर आहे. हे वाचताना मला कोणी सांगावे लागले नाही की हा आजचा विषय आहे.

शिकवणीचेच घ्या. सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे तालमूदमधल्या मूळ नियमसंग्रहात, असे आहे की अंगणातल्या घरात कोणी दुकान थाटले, तर ‘येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आवाजाने मला झोप लागत नाही’ अशी हरकत शेजाऱ्याला घेता येते. मात्र हातोड्याच्या, जात्याच्या आणि मुलांच्या आवाजाबद्दल ती घेता येत नाही. पुढच्या पिढ्यांचे रब्बी इथे अडतात, कारण ग्राहकांचा आवाज नको आणि मुलांचा मात्र सोसायचा, हे त्यांना विसंगत वाटते. अबाये म्हणतो की वाक्याचा दुसरा भाग वेगळ्या अंगणाविषयी असावा. रावा ते मान्य करत नाही. त्याच्या मते ही मुले म्हणजे शिकायला आलेली मुले, आणि येहोशुआ बेन गामला याने गावोगावी शिक्षक नेमण्याचा नियम घातल्यापासून त्यांच्या आवाजाला शेजाऱ्याची हरकत चालत नाही. त्याच चर्चेत एका शिक्षकाकडे पंचवीस मुले, चाळीस झाली तर एक मदतनीस आणि पन्नास झाली तर दुसरा शिक्षक, असा हिशेबही येतो. माझ्या भावाच्या सोसायटीने ज्या बाईंची शिकवणी बंद केली, त्यांच्याकडे नऊ मुले येत होती.

भावासारखे बोलणारे लोक मला दर सुटीत भेटतात. जुने ग्रंथ हे देव्हाऱ्यात ठेवायचे किंवा वस्तुसंग्रहालयात, आजच्या जगण्याशी त्यांचा काय संबंध, असे एक गट म्हणतो. दुसऱ्या गटाचे म्हणणे याच्या अगदी उलट: विमान, शस्त्रक्रिया, अणू, सगळे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते आणि पुस्तकात आधीच लिहिलेले आहे. हे दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण त्यांच्यात एक मोठे साम्य आहे. पुस्तक उघडून एक पान शेवटपर्यंत वाचण्याची तसदी दोघांपैकी कोणीही घेतलेली नसते. जिथे निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरीची पारायणे होतात तिथे ओवीच्या अर्थावर दोन माणसे तासभर भांडताना मी फारशी पाहिली नाहीत, आणि ते मला खटकते.

इथे वाचायचेच मुळी दोघांनी असते. माझ्या हावरुतेचे, म्हणजे जोडीने वाचणाऱ्या मैत्रिणीचे, आजोबा-आजी मोरोक्कोहून आले. ती शाळेत गणित शिकवते, मी रुग्णालयात रात्रपाळी करते. एकीने वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसरीने त्याला छेद द्यायचा, मग पानाच्या आतल्या बाजूला छापलेले राशी या भाष्यकाराचे म्हणणे पाहायचे आणि बाहेरच्या बाजूच्या तोसाफोतने, म्हणजे त्याच्या नंतरच्या टीकांनी, त्याला कुठे पकडले आहे ते शोधायचे. रोज एक पान या वेगाने २,७११ पाने साडेसात वर्षांत संपवणारे लोक जगभर आहेत, ती प्रथा १९२३ पासून चालू आहे. आम्ही दोघी आठवड्याला जेमतेम अर्धे पान करतो. उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, तिशीत ती भाषा शिकलेल्या मला हे जमते त्याचे श्रेय रब्बी अदिन स्टाइनसाल्ट्झ यांना आहे. त्यांनी १९६५ मध्ये हाती घेतलेली आणि २०१० मध्ये पूर्ण केलेली आवृत्ती नसती, तर स्वरचिन्हे आणि विरामचिन्हे नसलेले ते अरामी पान माझ्यासाठी बंदच राहिले असते.

मी भावाला हेही सांगितले की आमच्या इमारतीत एका मजल्याची बाल्कनी दुसरीच्या बरोबर खाली येत नाही, कारण सुकोतच्या सणाला प्रत्येक सुक्कावर, म्हणजे बाल्कनीत उभारलेल्या मांडवावर, उघडे आकाश असले पाहिजे. जुन्या पानावरचा एक नियम वास्तुविशारदाच्या नकाशापर्यंत पोचतो, तेव्हा पोथी घरी ठेवण्याची भाषा कोणी करत नाही. भाऊ म्हणाला, “तुमच्याकडे सगळेच एका धर्माचे, म्हणून हे चालते.” ते खरे नाही; आमच्या जिन्यात शब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवणारे लोक आहेत आणि न चालवणारेही, आणि वआद बायितच्या, म्हणजे इमारतीच्या समितीच्या, बैठकीत जो आरडाओरडा होतो तो ठाण्याच्या सभेपेक्षा कमी नसतो. पण मी त्याला उत्तर देताना बैठकीचा भाग गाळला आणि बाल्कन्यांचाच सांगितला, हे इथे लिहिताना मान्य करते.

मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. बहुमताने एक मत स्वीकारल्यावर हरलेले मतही मिश्नेत नावासकट का नोंदवून ठेवायचे, असा प्रश्न मिश्नेच्याच एदुयोत या भागाच्या पहिल्याच अध्यायात विचारला आहे. त्याचे एक उत्तर असे की पुढच्या काळातल्या एखाद्या न्यायमंडळाला ते एकट्याचे मत पटले, तर त्याला आधार घेता यावा. शम्माई या रब्बीच्या शिष्यपरंपरेची मते बहुतेक वेळा हरली आणि तरीही आम्ही ती आज वाचतो, त्यांची बाजू लढवतो, कधीकधी त्यांच्याच बाजूने वैतागतो. ठाण्याच्या त्या सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव बहुमताने मंजूर’ एवढेच लिहिले गेले असणार. त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे कुठेच राहिले नाही, आणि मला तो राग ठरावापेक्षाही जास्त आहे.

आता जे लिहायचे आहे ते भावाला माहीत आहे, पण आम्ही दोघे त्यावर कधी बोललेलो नाही. तालमूद हे आमचे पुस्तक नव्हते. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी ही आमच्या बेने इस्राएल समाजाची परंपरेतली सुरुवात आहे, आणि कोकणातल्या त्या शतकांमध्ये आमच्यापाशी शेमा ही प्रार्थना होती, सुंता होती, खाण्याचे नियम होते आणि घाणा बंद ठेवण्याचा शनिवार होता, ज्यावरून आम्हांला शनिवार तेली हे नाव पडले. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, माझी आजी दारफाळणीचा सण म्हणायची. गमारा, म्हणजे तालमूदमधली मिश्नेवरची चर्चा, आमच्या घरात कोणी उघडलेली नव्हती, तिचे नावही आजीला ठाऊक नव्हते. आणि ती आम्हांला भेटली तेव्हा आमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून भेटली. घटस्फोट आणि विधवेचा पुनर्विवाह यांचे रब्बींनी सांगितलेले विधी कोकणात पाळले जात नव्हते, म्हणून आमच्या वंशशुद्धतेवर शंका घेतली गेली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या पीठाने असे निर्देश काढले की बेने इस्राएल माणसाच्या लग्नाआधी त्याच्या आईकडच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले, १९६४ मध्ये क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि मग निर्देशांतले आमचे नाव निघाले.

त्यामुळे ज्या पानांनी आम्हांला दारात उभे केले, ती पाने मी का वाचते, हा भावाने न विचारलेला प्रश्न आहे. सुरुवातीला मी बहुधा परवानगी मिळवण्यासाठी वाचत होते. कोणी वर्णावरून किंवा उच्चारावरून काही बोलले तर राशीचे एक वाक्य तोंडावर फेकता यावे म्हणून. ठाण्यातल्या लोकांना तालमूदच्या गोष्टी सांगतानाही माझ्या आवाजात तोच सूर येतो, आणि भावाला तो ऐकू येत असणार.

पण बावा बात्राच्या सातव्या पानाच्या दुसऱ्या बाजूवर आम्ही पोचलो, त्या मंगळवारी मला वेगळे काहीतरी झाले. तिथली मिश्ना असे सांगते की समाईक अंगणाला देवडी आणि दार बांधायचे असेल, तर प्रत्येक रहिवाशाला त्याच्या वाट्याचा खर्च द्यायला भाग पाडता येते. रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे मत असे की प्रत्येक अंगणाला देवडी लागतेच असे नाही. त्यावर गमारा विचारते, देवडी ही चांगली गोष्ट आहे तरी का? आणि मग दोन ओळींत एक हकिगत येते. एक सत्पुरुष होता, त्याच्याशी एलिया हा संदेष्टा येऊन बोलत असे. त्याने देवडी बांधली, आणि त्यानंतर एलिया त्याच्याशी बोलला नाही. राशी कारण सांगतो: देवडीमुळे गरिबांची हाक आत ऐकू येत नाही.

हा एलिया, आमचा एलियाहू हन्नबी, आमचा होता. गमारा नव्हती, रब्बी नव्हते, पण तो होता. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याचा रथ येऊन गेला आणि खडकावर चाकांच्या खुणा राहिल्या, असे आमचे लोक मानतात. लग्न ठरले, मूल बरे झाले, कोणी परदेशी निघाले की भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे एका ताटात मांडून त्याच्या नावाने मलिदा होतो; इथे अश्दोदमध्येही होतो, आणि त्या दिवशी घरात मराठीच बोलली जाते. बाबिलोनमधल्या विद्वानांच्या पानावर मला माझ्या आजीचा पाहुणा भेटला, आणि तो फाटकापाशी थांबून परत फिरत होता. मी पुढचे वाचू शकले नाही. मैत्रिणीने पाणी आणून दिले.

त्याच आठवड्यात मला आठवले की आमच्या इमारतीच्या दाराला कोदान, म्हणजे आकडे दाबून उघडायचे कुलूप, बसवण्याच्या बाजूने दोन वर्षांपूर्वी मीही मत दिले होते. रात्रपाळीहून पहाटे येताना जिन्यात कोणी झोपलेले असले की मला भीती वाटायची, हे कारण खरे होते. पण एक इथिओपियन आजी दर शुक्रवारी वर येऊन जेवण मागत असत आणि कोदान बसल्यापासून त्या आलेल्या नाहीत, हेही तितकेच खरे आहे. त्यांचे घर कुठे आहे हे मी कधी विचारले नव्हते.

गमारा मात्र हकिगत सांगून थांबत नाही, कारण मिश्नेचा नियम उभा आहे आणि चोरांची भीतीही खोटी नाही. देवडी अंगणाच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर तिला दार आहे की नाही? दार असेल तर त्याला कुलूप आहे का? आणि कुलूप असेल तर ते कोणत्या बाजूने उघडते, आतून की बाहेरून? गरिबाचा हात त्या कडीपर्यंत पोचतो का, हे अशा बारकाईने विचारत गेले की सुरक्षितता आणि दया यांतून एकच निवडायची सक्ती उरत नाही. आमच्या वआद बायितने हे विचारले नव्हते, ठाण्याच्या सभेनेही नाही.

ती अर्धी बाजू मी मराठीत लिहून काढली आणि भावाला पाठवली. देवडी हा शब्द सापडायला मला दोन दिवस लागले. मग आजीच्या गावच्या वाड्याची आठवण आली आणि तो आपोआप सापडला. सोसायटीच्या सभेत वाचून दाखव, असे मी त्याला लिहिले नाही. इथल्या पुढच्या बैठकीत मी एवढाच प्रस्ताव मांडणार आहे की शुक्रवारी दुपारी दोन तास कोदान बंद ठेवावा, आणि तो फेटाळला जाईल असे मला वाटते, म्हणून माझे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे अशी मागणीही करणार आहे.

भावाचा फोन आठ दिवसांनी आला. ठरावाविषयी तो काही बोलला नाही. बराच वेळ वहिनीच्या गुडघ्याविषयी आणि पावसाविषयी बोलून झाल्यावर त्याने विचारले, “ताई, त्या माणसाने नंतर देवडी पाडली असती, तर एलिया परत आला असता का?” मी पान पुन्हा उघडून पाहिले. त्यावर तिथे काही लिहिलेले नाही. मंगळवारी मी ते मैत्रिणीला विचारणार आहे.