किरचॉफचा नियम आणि सोलरवरचा काळा लेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जो पृष्ठभाग उष्णता उत्तम शोषतो तो ती तितक्याच उत्तम रीतीने बाहेर टाकतो, असे किरचॉफचा नियम सांगतो; त्यामुळे पाणी तापवणाऱ्या सोलरवरचा, भरपूर शोषणारा आणि तरीही थोडेच उत्सर्जन करणारा लेप ही विक्रेत्यांची भूलथाप आहे, असे आपण लिहिले आहे. इंदूरच्या कुठल्याही गच्चीवरील काळ्या टाकीतले पाणी मे महिन्यात हात भाजेल इतके तापते, मग साधा काळा रंग काय वाईट, असेही आपण विचारता.

नियम खराच आहे; मात्र तो एकेका तरंगलांबीला स्वतंत्रपणे लागू होतो. सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या सूर्याकडून येणारी बहुतेक ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या पट्ट्यात असते, तर सोलरमधला ६० अंशांपर्यंत तापलेला पत्रा जी उष्णता फेकतो ती जवळजवळ सगळी ३ मायक्रॉनच्या पलीकडची असते. हे दोन पट्टे एकमेकांवर येत नाहीत म्हणूनच चकचकीत धातूवर ब्लॅक क्रोमसारखा अतिशय पातळ थर चढवता येतो. सूर्यप्रकाशाला तो काळा असतो, पण लांब अवरक्त किरणांना जवळपास पारदर्शक ठरतो आणि मागचा धातू, जो मुळातच कमी उत्सर्जन करतो, तोच त्यांना दिसतो. इस्राएलचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरी टेबोर यांनी १९५५ मध्ये असे पृष्ठभाग मांडले. विक्रेते फार नंतर आले.

आता हिशेब पाहू. पत्रा ६० अंशांवर आणि भोवताल १५ अंशांवर असताना साधा काळा रंग (उत्सर्जकता, म्हणजे किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९) दर चौरस मीटरला सुमारे २७५ वॉट उष्णता किरणांच्या रूपाने गमावतो, तर ०.१ उत्सर्जकतेचा लेप केवळ ३० वॉट. समोर काच असली की दोन्ही आकडे उतरतात, पण तफावत राहतेच. स्वच्छ दुपारी १,००० वॉटच्या आसपास ऊन मिळते तेव्हा ही गळती खपून जाते. डिसेंबरच्या सकाळी तिरपे, अशक्त ऊन असताना मात्र जमा झालेल्यातला मोठा वाटा तीच खाते. मे महिन्यातल्या टाकीचा दाखला म्हणूनच इथे उपयोगी पडत नाही. तिचा भोवताल चाळीस अंशांचा, पाणी त्याहून थोडेसेच गरम, म्हणजे गळायला फारसे काही नसतेच. शिवाय त्या दिवसांत गरम पाणी हवे कुणाला? पोहण्याच्या तलावाचे पाणी जरासे कोमट करायचे असेल, तर साध्या काळ्या नळ्या पुरतात आणि तिथे लेपावर खर्च करू नये, असेच मीही सांगेन.

काही सोलरमध्ये पत्र्याऐवजी निर्वात नळ्या, म्हणजे दोन काचांमधली हवा काढून टाकलेल्या नळ्या, असतात; त्यांत गोष्ट आणखी टोकाला जाते. तिथे हवा नसल्याने वहन आणि अभिसरण जवळजवळ थांबते, उष्णतेला किरणांचीच वाट उरते, आणि ती वाट लेप अडवतो. साधा रंग तिथे लावला, तर त्यातून सुटणारे वायू निर्वातच बिघडवतील.

ओघात आपण शेजाऱ्यांच्या निर्वात नळ्यांच्या सोलरचा लेप तीन वर्षांत 'उतरल्याचे' म्हटले आहे. या नळ्यांत लेप दोन काचांमधल्या निर्वातात, आतल्या काचेच्या बाहेरच्या अंगावर असतो. त्याला पाणी वा धूळ लागत नाही. नळीच्या बंद टोकाचा चंदेरी भाग पांढरा पडला असेल तर निर्वात गेला आहे आणि ती नळी बदलावी. तो चंदेरीच असेल, तरीही पाणी नीट तापत नसेल आणि ते बोरिंगचे असेल, तर आधी आत साचलेले क्षार काढून पाहावेत.